काजूच्या ओल्या चोथ्याचा कोळसा होतो, पण उरलेल्या पाण्याचं आधी ठरवा

प्रश्न थोडक्यात असा आहे. गोव्यात सत्तरीत भाट, म्हणजे बागायत आहे, काजूच्या सीझनला कोळंबीवर, म्हणजे बोंडू (काजूची फळं) तुडवतात तिथे, त्यांचा चोथा ढिगाने पडतो, दोन दिवसांत आंबतो, माश्या होतात, शेजारी ओरडतात. जवळच्या तळ्यातून काढलेली जलपर्णी पण फुकट मिळते. कुणीतरी सांगितलं की ओल्या मालाचाच पाण्यात घालून कोळसा होतो, सुकवायला नको. तर हे खरं का, मोठ्या कुकरमध्ये किंवा २०० लिटरच्या ड्रममध्ये जमेल का, आणि तो कोळसा माडाला, पोफळीला घालता येईल का.

खरं आहे. कुकरमध्ये होणार नाही. ड्रमचं तर नावच काढू नका. आणि झाडांना घालता येईल, पण भांड्यातून काढला आणि घातला असं नाही. मी आधी कारखान्यात प्रेशर व्हेसलच्या मेंटेनन्सला होतो, आता गेले सहा सीझन फोंड्याजवळ घराच्या मागे २० लिटरचा एक रिअ‍ॅक्टर चालवतोय, त्यात बोंडू, जलपर्णी, केळीचं खोड, फणसाची चारखंडं, सगळं घालून झालंय. त्यावरून सांगतो.

ह्याला हायड्रोथर्मल कार्बनायझेशन म्हणतात, आम्ही नुसतं एचटीसी म्हणतो, आणि जो माल निघतो तो हायड्रोचार, थोडक्यात नुसतं चार. नवीन काही नाही हे. १९१३ च्या सुमारास फ्रीडरिश बेर्गियुस नावाच्या जर्मन केमिस्टने बंद भांड्यात पाण्याबरोबर पीट (दलदलीतला अर्धवट कुजलेला पालापाचोळा) आणि सेल्युलोज तापवून कोळशासारखा पदार्थ काढला होता, जमिनीखाली कोळसा व्हायला लाखो वर्षं लागतात ते काम काही तासांत कसं होतं ते त्याला बघायचं होतं. पुढे १९३१ साली त्याला कार्ल बॉशबरोबर नोबेल मिळालं, ते मात्र एकूण हाय प्रेशर केमिस्ट्रीच्या कामासाठी. मग हा विषय बरीच वर्षं पडून राहिला आणि २००० नंतर पोट्सडामच्या माक्स प्लांक संस्थेत मार्कुस आंटोनिएट्टींच्या गटाने तो परत उकरून काढला. आता तर गटाराच्या गाळापासून संत्र्याच्या सालीपर्यंत सगळ्यावर लोक करतायत.

आत होतं काय, तर भांडं बंद असल्यामुळे पाणी १०० ला उकळून उडून जाऊ शकत नाही, ते १८० ते २५० अंशांपर्यंत पाणीच राहतं, आणि एवढं तापलेलं पाणी आपल्या ओळखीचं राहत नाही. २०० अंशाला त्यात हायड्रोजन आयन साध्या पाण्याच्या वीसेक पट असतात, म्हणजे अ‍ॅसिड न घालताच ते थोडं अ‍ॅसिडसारखं वागतं, आणि विरघळवण्याच्या बाबतीत मिथेनॉलच्या जवळ जातं. त्यामुळे झाडाच्या पेशीतली हेमिसेल्युलोज (सेल्युलोजसारखीच साखरांची साखळी) १८० च्या आसपासच सुटायला लागते, सेल्युलोजला २०० च्या वर जावं लागतं, लाकूड कडक करणारं लिग्निन तेवढं हट्टी, ते बरंचसं तसंच राहतं. सुटलेल्या साखरा मग पाणी सोडतात. पाण्यात बुडून पाणी सोडतात हे ऐकायला विचित्र वाटतं, पण गूळ करताना काकवी करपते तेव्हा साखरेतून पाणीच निघून जातं आणि काळं मागे राहतं, तेच इथे बंद भांड्यात होतं. मध्ये फरफुरल, एचएमएफ ही साखरेपासून होणारी रसायनं आणि फॉर्मिक, अ‍ॅसेटिक ही अ‍ॅसिडं अशी मंडळी तयार होतात, त्यातली काही एकमेकांना चिकटून काळी पूड होतात, काही पाण्यातच राहतात. ही पाण्यात राहिलेली मंडळी लक्षात ठेवा, त्यांच्यावर परत येणार आहे.

सुकवायला नको ह्याचा फायदा किती तो आकड्यात बघा. ३० अंशाचं एक किलो पाणी उकळून उडवायला साधारण २५५० किलोज्यूल लागतात. तेच पाणी दाबाखाली २०० अंशापर्यंत नेलं, न उडवता, तर ७३० च्या आसपास. म्हणजे तिसऱ्या हिश्शापेक्षा कमी, आणि त्यातलीही काही उष्णता पुढच्या बॅचला वापरता येते. म्हणून ओल्या मालाला एचटीसी. कोरड्याला नाही! करवंट्या, सुक्या चुडत्या, नारळाची सोडणं, पोफळीच्या सुक्या झावळ्या ह्या असल्या मालाला पाण्यात घालून तापवणं म्हणजे सुकलेली मच्छी परत समुद्रात भिजवून आणण्यासारखं, त्याला खड्ड्याची भट्टी किंवा साधी ड्रमची भट्टी बरी, त्याचा कोळसाही जास्त चांगला होतो. काजूची टरफलं तर दोन्हीकडे घालू नका, त्यातलं तेल कातडी सोलतं आणि धूर डोळ्यांना सोडत नाही.

आता कुकर. घरच्या कुकरची शिट्टी वाजते तेव्हा आत वातावरणाच्या वर जेमतेम एक बार दाब असतो आणि १२० अंश. तेवढ्यात चोथा शिजतो, मऊ होतो, कोळसा होत नाही, रात्रभर ठेवलात तरी नाही. १८० अंशाला दाब १० बार होतो, २०० ला साडेपंधरा, २२० ला २३, आणि २५० ला ४०. दाब आपण देत नाही, पाणी स्वतःच करतं, तापमान वाढलं की काटा आपोआप वर जातो. २० सेंटिमीटर व्यासाचं झाकण घ्या, जेवायच्या ताटापेक्षा लहानच, २०० अंशाला त्याच्यावर आतून साडेचार टनांहून जास्त जोर असतो. आणि हे झाकण सुटलं तर फक्त झाकण उडणार असं नाही, आतलं पाणी एकदम मोकळं झाल्यावर त्याचा पाचवा हिस्सा तिथल्या तिथे वाफ होतो, एका लिटरमागे ३०० लिटर वाफ. तेलाचा पत्र्याचा ड्रम ह्याच्या जवळपासही टिकत नाही. व्हिडिओत कुणी एलपीजीच्या जुन्या सिलिंडरमध्ये करताना दाखवत असेल तर तो व्हिडिओ बंद करा.

त्यामुळे भांडं बनवून घ्यायचं तर प्रेशर व्हेसल बनवणाऱ्या फॅब्रिकेटरकडूनच, जाडीचा हिशोब कागदावर मागायचा, कामाच्या दाबाच्या दीडपटीने पाण्याची टेस्ट समोर करून घ्यायची, सेफ्टी व्हॉल्व्ह आणि त्याच्या जोडीला बर्स्ट डिस्क (दाब फार वाढला की फाटून वाट देणारी पातळ चकती), दोन्ही. लायसन्सचं काय लागतं ते पणजीत आल्तिनोला फॅक्टरीज आणि बॉयलर्सच्या ऑफिसात जाऊन आधी विचारा, भांडं बनवल्यावर नको. मी सेकंडहँड घेतलं होतं, विकणाऱ्याने गेज नवीन आहे म्हणून सांगितलं, नवीन होतं पण दोन बार कमी दाखवत होतं, तपासून घेतलं म्हणून कळलं. अजून एक, खाडीकाठची किंवा खाजनातली खारी जलपर्णी, गवत असलं काही घालणार असाल तर क्लोराइडमुळे स्टेनलेसला केसासारख्या भेगा पडतात, बाहेरून दिसतही नाहीत. मी खारा माल घेतच नाही.

किती भरायचं ही चूक मी स्वतः केली आहे. पहिल्या सीझनला वाटलं वीसच लिटरचं भांडं आहे, वाया कशाला घालवा, म्हणून गळ्यापर्यंत भरलं. पाणी तापलं की फुगतं हे शाळेत शिकलेलं, पण किती फुगतं ते कधी डोक्यात घेतलं नव्हतं. २०० अंशाला १० लिटरचं साडेअकरा होतं, २५० ला साडेबारा. वर वाफेला जागाच उरली नाही, काटा सरळ वर गेला आणि व्हॉल्व्ह उडाला, म्हणून मी आज लिहितोय. पाठच्या भिंतीवर तपकिरी फवारा बसला तो चुन्याचे दोन हात मारून पण पावसाळ्यात परत वर येतो. तेव्हापासून दोन तृतीयांशच्या वर एक वाटी पण नाही.

माझी नेहमीची बॅच सांगतो. ९ किलो पिळलेला चोथा, वर ३ लिटर पाणी, सगळं मिळून १२ किलो. चोथा कोरडा दिसतो पण माझ्याकडे तपासला तेव्हा पाऊण वजन पाणीच निघालं, म्हणजे खरा कोरडा माल सव्वादोन किलो. २०० ते २१० अंशाला नेऊन तीन तास धरतो. तापमान आणि वेळ ह्यांचं एक गणित लक्षात ठेवा, दर १० अंश वाढवले की तेवढंच काम साधारण निम्म्या वेळात होतं, त्यामुळे १९० ला सहा तास आणि २०० ला तीन तास ह्यात फार फरक पडत नाही, दाब कमी हवा असेल तर खाली राहा आणि वेळ द्या. २२० च्या वर मी जात नाही, चार जास्त चांगला होतो पण मिळतो कमी आणि माझी झोप उडते.

मग बंद करून रात्रभर तसंच ठेवायचं. सकाळी भांड्याला हात लावला तर गार असतं पण काटा शून्यावर नसतो, तीन-चार बार दाखवतो! पहिल्यांदा मला वाटलं गेज अडकलं. तो कार्बन डायऑक्साइड असतो, कोरड्या मालाच्या काही टक्के वायू होतो आणि तो वर बसून राहतो, थोडा पाण्यातही मुरतो. व्हॉल्व्ह हळूच अर्धा धागा उघडायचा, उघड्यावर, तोंड बाजूला करून, त्यात थोडा कार्बन मोनॉक्साइडही असतो. घाई केली तर आतलं पाणी सोड्याच्या बाटलीसारखं फसफसून नळीतून बाहेर येतं.

झाकण काढल्यावर पहिला येतो तो वास. करपलेला गूळ, कॉफी आणि कुठेतरी मागे व्हिनेगर. शेजारची काकी एकदा कुंपणावरून विचारत होती, कॉफी भाजताय काय म्हणून. वर गडद चहाच्या रंगाचं पाणी, खाली काळा तपकिरी गाळ. बोंडूचे धागे ओळखू येतात अजून, पण चिमटीत घेतले की पूड होते. आणि मला सगळ्यात आवडतं ते म्हणजे पिळणं. ताजा चोथा कितीही पिळा, सुती फडक्यात बांधून दगडाखाली ठेवा, तरी ओला तो ओलाच, पाणी धरून बसतो. हाच चोथा रिअ‍ॅक्टरमधून काढल्यावर मुठीत दाबला की बोटांमधून पाणी धो धो निघून जातं आणि हातात ढेकूळ राहतं, ते एप्रिलच्या उन्हात दोन दिवसांत कोरडं. पाणी धरून ठेवणारे जे गट सेल्युलोजवर असतात तेच निघून गेलेले असतात, म्हणून.

मिळतं किती? सव्वादोन किलो कोरड्या मालातून मला सव्वा किलोच्या आसपास चार मिळतो, म्हणजे ५५ टक्के धरा. १०० किलो ओल्या चोथ्याचे १४ किलो. हे ऐकून बरेच जण फोन ठेवतात. कार्बन चोथ्यात ४५ टक्क्यांच्या आसपास असतो तो ६० च्या वर जातो, आणि जळणाची ताकद किलोला १७ मेगाज्यूलवरून २३-२४ पर्यंत, म्हणजे लिग्नाइटच्या (हलक्या तपकिरी कोळशाच्या) रांगेत. पण माझा मीटर एका बॅचला साडेपाच-सहा युनिट खातो, कारण एवढ्या छोट्या भांड्यात पाण्यापेक्षा लोखंड तापवण्यातच किती वीज जाते, आणि सव्वा किलो चारमध्ये उष्णता असते सव्वाआठ युनिटांची. वीज घालून जळण करायचं तर हा धंदा नाही, स्पष्टच सांगतो. मोठ्या प्लांटमध्ये एका भांड्याची उष्णता दुसऱ्याला देतात तिथे गणित बसतं. आपल्याकडे गणित बसतं ते घाण मिटते म्हणून, माश्या नाहीत, आंबूस वास नाही, ढीग सातव्या हिश्शावर येतो.

आता ते पाणी. प्रत्येक बॅचला आठ-नऊ लिटर उरतं, पीएच चारच्या आसपास, आणि त्यात ती सगळी आधी सांगितलेली मंडळी विरघळलेली. सीओडी (पाण्यातली घाण किती ऑक्सिजन खाईल त्याचं माप) म्हणाल तर लिटरला हजारो मिलिग्रॅम, कित्येकदा पन्नास हजाराच्या पण पुढे, घरच्या सांडपाण्याचा असतो काही शेकडा. हे पाणी ओहोळात सोडलं तर मासे वर येतील, पाण्यातला ऑक्सिजन संपतो. खड्डा मारून जिरवू म्हणाल तर आपली जमीन जांभ्याची, भोकाभोकांची, तुमच्या खड्ड्यातलं पाणी एका पावसात तुमच्याच विहिरीत. मी पहिल्या वर्षी दोन बॅचचं पाणी केळीच्या बुंध्याला ओतलं, पोटॅश भरपूर असतं त्यात, झाडाला बरं म्हणून. पोटॅश असतं हे खरंच आहे, मालातलं बहुतेक पोटॅशियम पाण्यात उतरतं, फॉस्फरस मात्र बराचसा चारमध्येच राहतो. केळीची पानं आठवड्यात कडेने करपली.

आता काय करतो ते सांगतो. त्यातलं तीनेक लिटर पुढच्या बॅचला नवीन पाण्याऐवजी घालतो, त्यात आधीच अ‍ॅसिड असल्यामुळे काम बरं होतं आणि चारही किंचित जास्त मिळतो. तीन-चार फेऱ्यांनंतर ते फार घट्ट होतं. उरलेलं गोबर गॅसमध्ये, पण थेंबाथेंबाने, रोजच्या शेणकाल्याच्या वीस लिटरला अर्धा लिटर इथून सुरुवात केली आणि महिन्याभरात दीड लिटरपर्यंत आणलं. एकदम ओतलं तर गॅस बंद पडतो, माझा पडला होता दहा दिवस, घरातल्यांनी काय ऐकवलं ते इथे लिहीत नाही. जंतूंना सवय झाली की ती अ‍ॅसिडं ते खातात आणि गॅस वाढतो. तुमच्याकडे गोठा आणि गोबर गॅस नसेल तर माझं म्हणणं, हा उद्योग सुरूच करू नका, चोथ्याचं शेणाबरोबर कंपोस्ट करा.

झाडांना घालायचं म्हणताय, तर हायड्रोचार आणि भट्टीतला बायोचार ही दोन वेगळी माणसं आहेत, रंग सारखा म्हणून गोंधळ होतो. भट्टीतला कोळसा ५०० अंशाच्या पुढे जाऊन आलेला, कोरडा, भोकाभोकांचा, अल्कधर्मी, मातीत शेकडो वर्षं बसतो. हायड्रोचार मऊ, भोकं नावापुरती, स्वतः आंबट, आणि मातीत त्याच्या मानाने लवकर कुजतो. युरोपातलं बायोचारचं सर्टिफिकेट ह्याला बायोचार म्हणतच नाही. आपली जांभ्याची माती आधीच आंबट, तिला भट्टीचा कोळसा जास्त मानवतो. म्हणून सुक्या करवंट्यांचा कोळसा मातीला आणि बोंडूचा हायड्रोचार कंपोस्टच्या ढिगात, अशी मी वाटणी केली आहे.

ताजा घातला तर काय होतं ते मिरचीच्या वाफ्यात बघितलं. ओंजळभर ओंजळभर रोपांना घातला, पाचव्या दिवशी पिवळी, दहाव्या दिवशी निम्मी गेली. त्यात चिकटलेली फरफुरल, फिनॉल वगैरे कोवळ्या मुळांना सहन होत नाहीत, शिवाय मातीतले जंतू त्याच्यावर तुटून पडतात आणि त्या नादात नायट्रोजन पण खाऊन टाकतात. आता दोन पाण्यांनी धुतो (ते धुवण पण रिअ‍ॅक्टरमध्येच परत), मग शेणाच्या कंपोस्टमध्ये पाचाला एक असा मिसळून पूर्ण पावसाळा पडू देतो. गणपतीनंतर काढतो. तरी प्रत्येक लॉटला मुगाची परीक्षा, ओल्या फडक्यावर थोडं ते कंपोस्ट पसरून दहा मूग, बाजूला नुसत्या फडक्यावर दहा मूग, तीन दिवसांत दोन्हीकडे सारखे कोंब आले तरच वाफ्यात.

जलपर्णीचं थोडक्यात. तिच्यात ९० टक्क्यांच्या वर पाणी, म्हणजे गाडीभर आणून हातात फार काही येत नाही, राख भरपूर, आणि मुख्य म्हणजे ती पाण्यातले जड धातू ओढून घेते, ते पुढे तुमच्या चारमध्ये आणि पाण्यात. तळ्यात सांडपाणी किंवा खाणीकडचा ओघळ येत असेल तर मातीला अजिबात नको. चोथ्यात चार-दोन किलो मिसळायला ठीक.

तुम्ही आत्ता काय करायचं ते एवढंच. सीझन मे अखेर संपेल, त्याच्या आत तुमच्या चोथ्याचं एक किलो घ्या, लोखंडी कढईत मंद आचेवर वजन घटायचं थांबेपर्यंत सुकवा आणि किती उरतं ते लिहून ठेवा. मग दिवसाला किती किलो चोथा पडतो ते आठ दिवस मोजा, तोंडी अंदाज नको, मी ४० म्हणायचो ते मोजल्यावर ९० निघाले. आणि गोबर गॅसची टाकी किती घनमीटरची आहे ते कळवा. हे तीन आकडे हातात आले की किती लिटरचं भांडं लागेल ते मी हिशोब करून सांगतो, तोपर्यंत कुठल्याच फॅब्रिकेटरला अ‍ॅडव्हान्स देऊ नका.